दोन जावांच्या टाचा

फिजिओबाई दिवसभर लोकांच्या पोटऱ्या दाबत. संध्याकाळपर्यंत अंगठे इतके ठणकत की घरी चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागे. त्यात मोठ्या डॉक्टरांनी नवा अभ्यास काढलेला. टाचदुखीवर गुण कशाने लवकर येतो? निम्म्या रुग्णांच्या पोटरीतल्या गाठी दाबायच्या, उरलेल्यांचा घोटा हाताने हलवून सांधा मोकळा करायचा. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठीवर. आणि उपचाराबद्दल आपसात बोलायचं नाही, अशी प्रत्येकाला ताकीद.

दोन सख्ख्या जावा आल्या, तेव्हाच फिजिओबाईंच्या मनात पाल चुकचुकली होती. थोरली दिवसभर उभी राहून इस्त्री करायची, धाकटी शाळेत शिकवायची. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की दोघींच्याही डोळ्यांत पाणी.

"एकाच घरात राहता, बोलणं होणारच," बाई म्हणाल्या.

"छे हो मॅडम," थोरली म्हणाली, "ती वर, मी खाली. आमचा अबोला आहे. काळजीच सोडा."

मोठे डॉक्टर खूश झाले. थोरलीला गाठींची चिठ्ठी आली, धाकटीला सांध्याची.

दोघींना भराभर गुण येत गेला. मग एका दुपारी घोटा हलवता हलवता बाईंचा हात धाकटीच्या पोटरीला लागला, तशी ती कळवळली. पोटरीवर हिरवट डाग होता.

"हे काय झालं?"

धाकटीने मान खाली घातली. "जाऊबाईंनी दाबलं."

"तुमचा तर अबोला होता ना?"

"तेव्हा होता."

एका सकाळी दोघी एकाच वेळी जिन्यात आल्या होत्या. कठड्याला धरून, बदकासारख्या डुलत. थोरलीला आधी हसू फुटलं. मग तिनेच विचारलं, "तुला काय करतात गं तिथे?" तेव्हापासून रोज, भांडी आवरली की थोरली धाकटीच्या गाठी दाबायची आणि धाकटी थोरलीचा घोटा हलवून द्यायची.

बाईंना रागावायला हवं होतं. पण रागाला लागणारी ताकदही सकाळच्या रुग्णांत संपली होती. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. ते वैतागले. "दोघींनाही वगळा. दुसरे रुग्ण शोधा."

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या खेपेला दोघी एकत्रच आल्या. उपचार चालू राहतील, फक्त तुम्हाला अभ्यासात धरणार नाही, असं बाईंनी समजावलं.

"मग खरा गुण कशाचा?" थोरलीने विचारलं. "गाठींचा की सांध्याचा?"

"तुमच्या बाबतीत ते देवालाही सांगता येणार नाही."

"सांध्याचाच," धाकटी म्हणाली. "यांचा हात म्हणजे नुसती इस्त्री!"

"आणि तुझा? पाय पिरगाळतेस की फळा पुसतेस?"

बाईंनी दोघींच्या टाचा तपासल्या. "जवळजवळ बऱ्या झाल्यात. आता घरी दाबादाबीची गरज नाही. बंद केलीत तरी चालेल."

थोरलीने चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, "इतक्यात कशाला बंद करायची, मॅडम? थोडी कसर आहे अजून. हो ना गं?"

"आहे की," धाकटी घाईने म्हणाली.

बाईंना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत आणण्याचं त्राण नव्हतं. त्यांनी पलंगावरची चादर बदलली, क्षणभर कडेला टेकल्या आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.