जेवलीस का

वाल्मीक चढाईला गेला आणि समोरच्या तिघांनी त्याला असा उचलून आपटला, की डोकं वाजलेलं बायांच्या घोळक्यात ऐकू आलं. दिंडोरीकडची उन्हाळ्यातली जमीन, वर जत्रेसाठी रोलर फिरवलेला.

कबड्डी मंडळाचा अध्यक्ष सावळीराम कांदा फोडतच धावला. आधी कांदा हुंगवला, मग चप्पल. वाल्मीकनं डोळे उघडले.

"नाव सांग."

"वाल्मीक."

"बायकोचं?"

"कुसा."

"झालं. डोस्कं शाबूत हाय. चंदर, घे याला आत. दोनच गुण कमी हायेत, ढाल आपली."

तोवर कुसाबाई दोरीखालून मैदानात शिरली होती. वाल्मीक तिच्याकडं बघून गोड हसला.

"जेवलीस का गं? उन्हात नको उभी राहू."

कुसाबाईनं त्याचं डोकं चाचपून पाहिलं. लग्न झाल्यापासून या माणसानं बैलांनी खाल्लं का विचारलं होतं, तिला कधी नाही.

"यांचं डोस्कं फिरलंय," ती म्हणाली. "दवाखान्यात न्या."

कप्तान चंदर खिदळला. "वैनी, मायेनं बोलला तं आजारी का? आधी कळलं असतं तं लग्नातच आपटला असता."

सगळे हसले. वाल्मीकही हसला. "जेवलीस का?"

"आत्ताच इचारलं ना तुमी?"

"कधी?"

हसणं जरा विरलं. सावळीराम मात्र ढालीकडंच बघत होता. "गडी माणूस हाय, खेळता खेळता उतरंल. बाई, बाहेर व्हा. पंच शिट्टी मारतोय."

"मारू द्या." कुसाबाईनं मधल्या रेषेवर मांडी घातली. "जीप काढा. नायतर हितंच चूल मांडते."

पंचानं खूप आठवून पाहिलं, पण नियमात बाई नव्हती. पाहुण्यांसाठी धुऊन ठेवलेली जीप निघाली. वाटेत वाल्मीकनं सत्काराच्या शालीवर दोनदा ओकून घेतलं.

"मेंदूला मार लागलाय," डॉक्टर म्हणाले. "आज परत आपटला असता, तर माझ्याकडं आणायचं कामच उरलं नसतं. आता मी सांगेपर्यंत खेळ बंद."

ढाल गेली. कुसाबाईनं घालवली, असं गावात ठरलं. कांद्याचं नाव कुणी काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी घरी वाल्मीकनं चहाचा घोट घेतला आणि कप आदळला.

"साखर टाकायला हात झडले का गं तुझे?"

कुसाबाईनं पदरानं डोळे पुसले. "आलं बाई डोस्कं जाग्यावर."

साखरेचा डबा तिनं त्याच्यापुढं सरकवला, ताट वाढून घेतलं, आणि जत्रेपासून पहिल्यांदाच पोटभर जेवली.