तिसऱ्या वाटीतले पाणी

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळी कडी, लाकडी मूठ आणि मध्ये फुगीर काच. शाळेतल्या प्रयोगांच्या कपाटात, चुंबक आणि लंगडा तराजू यांच्या मध्ये माझी जागा.

तुम्हाला वाटेल, भिंगाची काय मजा! फुलातले पराग बघायचे, साखरेचे दाणे बघायचे. शी! माझ्यापुढे काय काय धरतात ते मला विचारा. नखातला मळ. गुडघ्यावरची खपली. मेलेल्या माशीचे पोट. नाकातून नुकतेच काढलेले काहीतरी. तुम्हाला तिळाएवढे दिसते ते मला सुपाएवढे दिसते, आणि मला डोळे मिटता येत नाहीत. बघून झाले की शर्टाच्या टोकाला थुंकी लावून मलाच पुसायचे. तेव्हा अंगावर काटा येतो; पण काचेवरचा काटा कुणाला दिसणार?

मी जन्मले ते मात्र स्वच्छ हातांत. एका कारागिराने मला ओल्या वाळूत घासले, वळवले, पुन्हा घासले. त्याची बायको लाल भुकटीने मला चकाकी द्यायची आणि गुणगुणायची,

घास बाई घास, काचेचं कर पाणी,
पाण्यातून दिसू दे मुंगीची वेणी.

शाळेत आले तेव्हा पहिल्या बाई मुलांना घेऊन गवतात पालथ्या पडायच्या. "सांगू नका मला पुस्तकातलं, दिसतंय ते सांगा," म्हणायच्या. तेव्हा माझे कोण कौतुक! पुढे त्या निवृत्त झाल्या आणि मी कपाटात गेले. धूळ बसली, झुरळ मुठीवरून फिरले. त्याचे पाय मला किती जवळून दिसले, ते सांगत नाही. तुम्ही जेवून आला असाल.

नव्या बाई वाईट नव्हत्या. पण वर्ग भरगच्च, भिंग एक आणि तास एवढासा. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती: आधी फळ्यावरचे निरीक्षण उतरवायचे, मग रांगेने येऊन बघायचे. उतरवायचे तेही पेनाने. खोडाखोड केली की नीटनेटकेपणाचे गुण गेले. मुले माझ्यात डोळा घालून 'हं' म्हणायची आणि पुढे सरकायची. मित्रांनो, नाकातल्या त्या वस्तूपेक्षाही मला या 'हं'ची किळस यायची.

त्या दिवशी टेबलावर तीन वाट्या होत्या. पहिलीत गढूळ पाणी, दुसरीत मिठाचे, तिसरीत शाळेच्या टाकीतले. फळ्यावर सुबक अक्षरांत होते: 'तिसरी वाटी. काही दिसले नाही. पाणी पिण्यायोग्य आहे.'

रांग सरकू लागली. तिसऱ्या वाटीतल्या थेंबात केसासारखे लाल किडे वेटोळे घालून उसळत होते. शेजारी पिसाचा एक तंतू, कुजून बुळबुळीत झालेला. मला ओकता आले असते तर मी तिथेच ओकले असते. आणि मुले? हं. हं. हं. एकटा बुटक्या, वर्गातला सर्वांत ठेंगणा मुलगा, थबकला. मागच्याने ढोसले, "चल की! लिहून झालंय ना?" बुटक्या पुढे गेला.

तेवढ्यात भुंगी धापा टाकत आली. सतत गुणगुणायची म्हणून तिला सगळे भुंगी म्हणत. तिचा धाकटा भाऊ याच शाळेत पहिलीच्या वर्गात होता. आठवडाभर त्याच्या पोटात कळा येत होत्या, आत्ताही तो ओकला होता. त्याला आईच्या ताब्यात देऊन ती आली होती. तिच्या वहीचे पान कोरे होते. म्हणून तिने आधी पाहिले.

"बाई! हे पाणी वळवळतंय!"

वर्ग खिदळला. बाई म्हणाल्या, "उशिरा यायचं आणि वर गोंधळ घालायचा. फळ्यावर काय लिहिलंय?"

"काही दिसले नाही."

"मग?"

"पण बाई, दिसतंय ना! हेच पाणी माझा भाऊ पितो."

"दरवर्षी हाच प्रयोग घेते मी. मला शिकवू नकोस. उतरव आणि बस." बाईंनी घसा खाकरला, टेबलावरची बाटली उचलली आणि झाकण फिरवले.

"बाई, तुमची बाटली कुणी भरली?"

"शिपाईमामांनी. का?"

"कुठून?"

बाटली ओठांपाशीच थांबली. बाईंनी ती हळूच खाली ठेवली, मला उचलले आणि त्या वाटीवर वाकल्या. कितीतरी दिवसांनी त्या माझ्यातून बघत होत्या. मग त्यांनी शिपाईमामांना हाक मारून गच्चीवरची टाकी बघायला सांगितले. मागून बुटक्या पुटपुटला, "मलापण दिसलं होतं. पण लिहून झालं होतं."

शिपाईमामा गच्चीवर चढले आणि नाकाला रुमाल लावून उतरले. "बाई, टाकीचं झाकण उडालंय. आत कबुतर आहे. म्हणजे... होतं म्हणायचं आता."

वर्गात कुणी हसले नाही. दोघेतिघे तोंड दाबून खिडकीकडे पळाले.

नळांना फडकी बांधली गेली. बाईंनी भुंगीला जवळ घेतले. "आईला निरोप दे, भावाला दवाखान्यात ने म्हणावं. पाणी कुठलं होतं तेही सांग तिथे. मी येतेच मागून." मग त्यांनी फळा पुसला. पहिल्या बाकावरून दबका आवाज आला, "बाई, आम्ही पेनानं लिहिलंय. खोडलं तर गुण जातील?"

बाईंनी हातातले फडके खाली ठेवले. "खोडा," त्या म्हणाल्या. "मीही खोडलंय."

त्या दिवशी सगळ्या वह्या गिचमिड झाल्या. इतकी घाण पाने मी कधी पाहिली नव्हती, आणि इतकी देखणीही.

मित्रांनो, भुंगीचा भाऊ आता बरा आहे. परवाच त्याने आपली जीभ माझ्यापुढे धरली. शी! म्हणून एवढेच मागणे: मला थुंकीने नको, मऊ फडक्याने पुसा. पण मी दाखवलेले पुसू नका.