रात्रीची कवळी

त्या बाईंनी खिडकीतला ग्लास उचलून ओठांना लावला, तेव्हा त्यात पाणी होतं आणि पाण्यात दात होते. वरची कवळी आणि खालची कवळी, एकमेकींवर नीट टेकलेल्या, जणू ग्लासच दात काढून हसत होता. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी ग्लास होता तिथे ठेवला, रुमालाने ओठ पुसले, पासपोर्टच्या फोटोसाठी बसवलेल्या आपल्या दोन्ही मुलींना उठवलं आणि ‘येतो जरा वेळाने’ म्हणून निघून गेल्या. त्या काही परत आल्या नाहीत. त्यांची गोष्ट मात्र गल्लीभर हिंडून संध्याकाळच्या आत घरी आली.

घर म्हणजेच दुकान होतं. पुढच्या खोलीत पांढरा पडदा, छत्र्या लावलेले दोन दिवे, एक गोल स्टूल, आणि आडोशाला संगणक. घरातली सून फोटो काढायची. गल्लीत तिला सगळे फोटोवालीच म्हणत. त्याच खोलीत, खिडकीखाली, तिच्या सासऱ्यांचा पलंग होता. सासूबाई गेल्यावर म्हातारा मुलाकडे राहायला आला, आतली खोली नवरा-बायकोची, आणि तिसरी खोली होती कुठे?

सासरे उभा जन्म बस स्थानकावर घोषणा करत आले होते. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी सामान सांभाळावे. मधुमेहाने आणि वयाने दात नेले, पण कवळी बसवली की आवाज पुन्हा जागच्या जागी यायचा. फोटोला बसलेलं मूल रडायला लागलं की पलंगावरून घोषणा व्हायची, ‘रडत रडत जाणारी गाडी आज रद्द करण्यात आली आहे.’ मूल बघत राहायचं आणि फोटोवाली तेवढ्यात बटण दाबायची. किती फोटो तिने त्या आवाजाच्या जिवावर काढले होते, ते तिचं तिलाच ठाऊक.

ग्लासाची गोष्ट ऐकून तिचा नवरा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. सासरेही हसले. ‘पाणी गोड लागलं असेल बाईंना, माझी साखर वाढलेली आहे,’ म्हणाले. फोटोवालीला हसू आलं नाही. तिच्या डोक्यात तिडीक गेली होती. नवरा बाटल्यांच्या कारखान्यात पाळीवर गेला आणि ती पलंगापाशी येऊन उभी राहिली.

“बाबा, एक बोलू?”

“बोल की.”

“दात तोंडातच राहू देत जा. रात्रीसुद्धा. सकाळी लोक लवकर येतात, तुम्ही उठलेले नसता, आणि तोंड असं उघडं…” ती थांबली. “बरं दिसत नाही.”

“दातवाल्याने रात्री काढून ठेवायला सांगितलंय गं.”

“दातवाल्याच्या दुकानात कुणी झोपलेलं नसतं, बाबा.”

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ग्लासातल्या कवळ्या काढल्या, झटकल्या आणि तोंडात बसवल्या. “बरं,” ते म्हणाले.

म्हातारा शब्दाचा पक्का. त्या दिवसापासून कवळी रात्रंदिवस तोंडात. जेवणानंतर चूळ भरायची, की झालं. खिडकीत ग्लास दिसेना, आणि सकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकांना पलंगावर एक नीटनेटका, दातवाला म्हातारा झोपलेला दिसू लागला. फोटोवालीला वाटलं, एवढीशी तर गोष्ट होती, आधीच बोलायला हवं होतं.

हळूहळू सासरे पानात टाकू लागले. आधी भाकरीचा तुकडा, मग भाजी. ‘तोंड जळजळतं,’ म्हणाले. तिने तिखट कमी केलं. ‘कशाला चव नाही.’ तिने फळं कुस्करून दिली, भात मऊ शिजवला. सासऱ्यांची हेळसांड करते, असं तिला कुणी म्हणू शकलं नसतं. घोषणा कमी झाल्या, तर तिला वाटलं, वय झालं.

पुढे पेन्शनच्या कामासाठी सासऱ्यांचा फोटो लागला. तिने त्यांना स्टुलावर बसवलं, कॉलर सरळ केली, फोटो काढला. संगणकावर चेहरा मोठा केला तेव्हा तिला दिसलं, ओठांचे दोन्ही कोपरे फुटले होते. लाल चिरा, कडेला पांढुरकी साय. ती क्षणभर थबकली. दाढी करताना लागलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं, खरं तर तिथे दाढीचं पातं जात नाही हे दिसत असूनही. मग हात सवयीने चालला. मुरूम, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसणं हे तिचं रोजचंच काम. आजूबाजूची चांगली कातडी उचलली, चिरेवर ठेवली. कोपरे स्वच्छ झाले.

“अरे वा,” सासरे छापलेला फोटो लांब धरून म्हणाले. “हा माणूस तर अजून नोकरीला लागेल.”

त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी त्यांना सर्दीचं निमित्त झालं, आणि सर्दीचा खोकला झाला. एका दुपारी ती गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडून वळली, तर सासरे भिंतीला टेकून बसलेले, छाती भात्यासारखी चाललेली, ओठ निळसर. शेजाऱ्याच्या गाडीतून तिने त्यांना इस्पितळात नेलं. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग न्यूमोनियाने भरला होता.

प्राणवायूचा मुखवटा लावण्याआधी परिचारिकेने कवळी काढायला घेतली. ती सहज निघेना. निघाली तेव्हा परिचारिकेने तोंडात दिवा धरला आणि दातांच्या डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. टाळू सोलवटलेल्या गुडघ्यासारखी लालभडक होती, आणि कवळीच्या आतल्या बाजूला पिवळट, बुळबुळीत थर.

दातांची डॉक्टर वयाने लहान, बोलणं मोजकं. तिने कवळी उलटसुलट करून पाहिली.

“रात्री काढत नव्हते का हे?”

पलंगाच्या एका बाजूला नवरा होता, दुसऱ्या बाजूला फोटोवाली. तिने तोंड उघडलं. पण शब्द फुटायच्या आधीच सासऱ्यांनी मुखवटा बोटाने जरासा सरकवला.

“माझाच आळस,” ते बोळक्या तोंडाने म्हणाले. “कंटाळा यायचा.”

“काय हे, बाबा,” नवरा म्हणाला. रडवेला झाला होता, म्हणून आवाज चढला. “लहान मूल आहात का तुम्ही? एवढं साधं करता येत नाही? आता भोगताय ना?”

सासरे डोळे मिटून पडून राहिले. फोटोवालीने उशीची खोळ सरळ केली. ती सरळच होती.

ताप हटेना. औषध बदललं, तरी उतरायचा आणि पुन्हा चढायचा. नवरा पाळीवर असताना दातांच्या डॉक्टरने तिला खाली प्रयोगशाळेत नेलं. “तुम्ही फोटो काढता ना? मग हा बघा. सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं.”

पडद्यावर सूक्ष्मदर्शकातलं चित्र होतं. जांभळे धागे, मुळांसारखे एकमेकांत गुंतलेले, आणि धाग्यांवर द्राक्षांच्या घडांसारखे ठिपके.

“धागे म्हणजे बुरशी, ठिपके म्हणजे जंतू,” डॉक्टर म्हणाली. “तुमच्या-माझ्या तोंडातही थोडे असतात, बिचारे गप्प असतात. पण कवळीखाली सतत ओल आणि ऊब मिळाली, घासून कुणी हलवलं नाही, की ते तिला चिकटतात. भोवती आपलाच चिकट लगदा करतात आणि त्यात वस्ती करतात. टाकीच्या तळाला हात लावल्यावर बुळबुळीत लागतं ना, तसं.”

“आणि या फरश्यांसारख्या?”

“त्या टाळूच्या पेशी. हा धागा बघा, सरळ पेशीत घुसलाय. तो एक विष सोडतो, त्याने पेशीला भोकं पडतात. मग जंतू त्याचंच बोट धरून आत शिरतात. दोघं मिळून जे करतात, ते एकट्याला जमत नाही.”

फोटोवालीची नजर चित्राच्या कडेला गेली. फोटो बघताना ती नेहमी कडा आधी बघायची. तिथे गोल पेशींची गर्दी होती.

“या कोण?”

“पांढऱ्या पेशी. शरीराचे शिपाई. सुटा जंतू दिसला की गिळून टाकतात. पण आख्खी वस्ती कशी गिळणार, घास तोंडापेक्षा मोठा. मग त्या बाहेर उभ्या राहून आपली रसायनं फेकत राहतात. वस्तीला फारसं काही होत नाही, भाजते ती आपलीच कातडी. त्यात रक्तात साखर जास्त असली की शिपाईही सुस्त.”

“औषधाने का मरत नाहीत ते?”

“वरचे मरतात. खाली दडलेले नुसते पडून असतात, त्यांच्यावर औषध चालत नाही. आणि वस्तीचे तुकडे सुटतात. माणूस झोपला की लाळेबरोबर छातीत उतरतात.” डॉक्टरने खुर्ची तिच्याकडे वळवली. “कवळीवर सापडलेला जंतू आणि कफातला जंतू एकाच जातीचे आहेत. न्यूमोनिया त्यामुळेच झाला, असं मी शपथेवर सांगणार नाही. म्हाताऱ्यांना तो तसाही होतो. पण कवळी घालून झोपणाऱ्यांना जास्त होतो, एवढं नक्की.”

फोटोवालीने विचारलं, “यात ओठांचे कोपरे फुटतात का?”

“हो, बऱ्याचदा आधी तेच दिसतं. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं असतं तर…” डॉक्टरने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पडद्यावरचं चित्र बंद केलं.

बुरशीचं औषध वेगळं सुरू झालं. तोंड रोज पुसून काढू लागले, कवळी टाकून दिली. ताप हळूहळू, नाखुशीने उतरला. ज्या दिवशी सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने पेज प्यायली, त्या दिवशी तिने नवऱ्याला जिन्यात गाठलं.

“बाबांचा आळस नव्हता. मी सांगितलं होतं त्यांना. रात्री काढू नका म्हणून.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “ग्लासावरून?”

“ग्लासावरून.”

“आणि मी त्यांना झापलं. तू समोर उभी होतीस.”

“हो.”

त्याने डबा तिच्या हातातून घेतला आणि एकटाच वर गेला. तो चिडला असता, चारचौघांत बोलला असता, तर तिला बरं वाटलं असतं. पण तो विषय त्याने पुन्हा काढलाच नाही. नेहमीसारखं बोलायचा, फक्त ती खोलीत आली की वाक्य आटोपतं घ्यायचा. फोटोचं तिने त्याला सांगितलं नाही. दोनदा सांगायला गेली, पण जेवणाचं विचारून परत आली. ते आजही तिच्याच पोटात आहे.

सासरे घरी आले ते निम्मे होऊन. फुप्फुस पहिल्यासारखं झालं नाही. वाक्य अर्ध्यावर आलं की श्वास संपायचा, मग उरलेलं हाताने दाखवायचे. पलंग तिने आतल्या खोलीत हलवला आणि नवरा-बायको पुढच्या खोलीत, दिव्यांच्या मध्ये, गादी टाकून झोपू लागले. गिऱ्हाइकं यायची तेव्हा गादीची गुंडाळी कोपऱ्यात दिसायची. दिसू दे, असं तिला वाटायचं.

एका संध्याकाळी ती त्यांच्यासमोर बसली.

“बाबा, माझं चुकलं.”

“हं.”

“तुम्ही डॉक्टरांना खोटं का सांगितलंत?”

“घरात भांडण नको.” श्वास घेतला. “माझ्या दातांवरून तर नकोच.”

तिला रडू आलं. सासऱ्यांनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. जरा वेळाने म्हणाले, “तू बोललीस ना, तेव्हा मला राग आला होता. खूप. म्हटलं, ही माझं तोंड झाकतेय.” श्वास. “पण म्हटलं, जाणार कुठे. म्हणून बरं म्हणालो.”

तिने मान खाली घातली. ‘जाऊ दे गं, होतं असं’ हे ऐकायला ती आली होती, हे तिला तेव्हा कळलं.

“आता राग नाही,” ते म्हणाले. “पण होता. ते तुला माहीत असलेलं बरं.”

नवी कवळी झाली. दातांच्या डॉक्टरने घासायची रीत दाखवली, मऊ ब्रश, आधी आतली बाजू, मग कडा. फोटोवालीने ते काम स्वतःकडे घेतलं. रात्रीचं जेवण झालं की हात पुढे करायची, आणि मोरीत उभी राहून घासत बसायची, प्रत्येक फट, प्रत्येक खाच, बोटं सुरकुतेपर्यंत. एकदा तर इतकी घासली की खालच्या कवळीवर चरा उठला. नवऱ्याने ते दारातून पाहिलं आणि दिवा लावून गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिने हात पुढे केला, तर सासऱ्यांनी कवळी दिली नाही. स्वतःच भिंतीला धरत मोरीपाशी आले.

“द्या ना बाबा. दमाल तुम्ही.”

“दमेन. बसेन मग.” त्यांनी ब्रश उचलला. “तुझ्या जिवाला लागलंय, ते मला दिसतं. पण त्याचं औषध माझ्या दातांवर नको घासूस.”

ती बाजूला झाली. सासरे हळूहळू घासत होते, मध्येच थांबून श्वास घेत होते. तिने स्टूल आणून त्यांच्या मागे ठेवलं. ते त्यावर बसले आणि पुन्हा घासू लागले. नळ वाहत होता. बाहेर कुणीतरी दार वाजवून विचारत होतं, फोटो तयार झाले का. तिने हात पुसले आणि ती बघायला गेली.