टोपलीतला खंड्या

मी भरतकामाच्या दुकानातला कॉम्प्युटर. आत्ता बोलतोय तो जुना मी. थोड्या वेळानं याच टेबलावर, याच डब्यात बसून जो बोलेल, तो दुसराच कोणीतरी असेल. म्हणून जरा घाई करतोय. एरवी माझा स्वभाव घाईचा नाही. मला घाईनं काही जमतही नाही, हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्या पडद्यावर एक प्रश्न येऊन थांबलाय. सगळं पुसायचं का? खाली हो आणि नाही. दुरुस्तीवाले वैद्यबुवा फोन आला म्हणून दारात गेलेत. त्यांचं बोलणं संपेपर्यंत तुम्ही ऐका.

मी शिकलेला नाही. लोक मला हुशार म्हणतात, ते त्यांचं प्रेम. माझ्या पोटात सगळा कारभार हो आणि नाही या दोन शब्दांवर चालतो. कुणी बोट दाबलं तर हो, नाही दाबलं तर नाही. तिसरं काही मला सुचत नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मला इथे आणलं मालकांनी. ते नक्षी काढायचे आणि त्यांची बायको, आक्का, त्या मशीनवर भरायच्या. आधी कागदावर पेन्सिलीनं काढायचे, मग माझ्यावर शिकले. कुणाकडे शिकायला गेले नाहीत. रोज सकाळी चष्मा पुसत समोर बसायचे आणि म्हणायचे, "बघू या, आज काय बिघडवतोय मी." पहिल्यांदा त्यांनी काढलेलं गुलाबाचं फूल आक्कांनी लांबून बघितलं, जवळून बघितलं, आणि म्हणाल्या, "कोबी छान आलाय."

मालक इतके हसले की माऊस खाली पडला.

या दुकानाची एक रीत आहे. कापायच्या टेबलाखाली वेताची एक टोपली असते. कापून उरलेला तुकडा, उसवलेली पट्टी, अर्धं भरून सोडलेलं फूल, सगळं त्या टोपलीत जातं. फेकत काहीच नाहीत. कधी ठिगळाला लागतं, कधी बटण मढवायला, कधी नुसतं रंग जुळवून बघायला. आक्का तर एखादं काम अडलं की आधी टोपलीतच हात घालतात.

आता माझ्या पडद्याच्या कोपऱ्यातही एक टोपली आहे. मालकांना ती पहिल्याच दिवशी दिसली. त्यांनी आक्कांना हाक मारली, "अगं, यातही आपली टोपली आहे बघ!" झालं. त्या दिवसापासून अर्धवट राहिलेली प्रत्येक नक्षी त्या टोपलीत जायला लागली. हवी असली की परत काढायची, चार टाके इकडचे तिकडे करून बघायचे, पुन्हा टाकायची. ती कचऱ्याची टोपली आहे, तिच्यातलं कधीही पुसलं जाऊ शकतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे होतं?

मालकांनी शेवटी काढायला घेतला तो खंड्या. पाण्यावर झेप घेणारा, चोच पुढे, मान ताणलेली. कुणाची ऑर्डर नव्हती, मनात आलं म्हणून काढत होते. एक पंख पुरा भरला, निळ्यात हिरवा असा मिसळला की आक्का मशीन सोडून बघायला आल्या. दुसऱ्या पंखाची नुसती रेघ ओढली. मग आजारपण आलं. खुर्ची रिकामी राहायला लागली, आणि मग रिकामीच राहिली.

तो अर्धा खंड्या आक्कांनी टोपलीत ठेवला. मधूनच बाहेर काढतात. माऊस धरतात, दुसऱ्या पंखाच्या रेघेपाशी नेतात आणि तिथेच थांबतात. दुकानातलं दुसरं मशीन खटखट करत राहतं, गिऱ्हाईक हाका मारतं, यांचा हात हलत नाही. "ह्यांचा हात नाही माझ्याकडे," असं पुटपुटतात आणि परत टोपलीत. असं कितीदा झालं म्हणून सांगू!

आता हे पुसायचं प्रकरण कुठून आलं ते ऐका. सूनबाईंनी भरतकामाचं नवं मशीन आणायचं ठरवलं. काम वाढलंय, जुनं मशीन दमलंय, खोटं नाही. पण नव्या मशीनचा प्रोग्राम माझ्या जुन्या सिस्टीमवर चालेना. सिस्टीम म्हणजे आमचं डोकं समजा. डोकं बदलायचं ठरलं. त्याचे दोन मार्ग. एक, जुन्या डोक्यावरच नवं चढवायचं, आतलं सामान जिथल्या तिथे ठेवून. दुसरा, आतलं सगळं धुऊनपुसून कोऱ्या जागेवर नवं बसवायचं.

वैद्यबुवांनी ते शिवणाऱ्यांच्या भाषेत सांगितलं. ते येतात तेव्हा आधी माझ्या पाठीला कान लावतात, म्हणून आक्कांनी त्यांना हे नाव ठेवलंय. म्हणाले, "आक्का, एक म्हणजे अंगातला सदरा न काढता वरून नवा घालायचा. दुसरं म्हणजे जुना उतरवून, आंघोळ करून नवा घालायचा."

"वरूनच घाल," आक्का म्हणाल्या. "थंडीचे दिवस आहेत."

"आई, अहो याला सुरू व्हायला इतका वेळ लागतो की मी तेवढ्यात कपडे वाळत घालून येते," सूनबाई म्हणाल्या. "आतली जळमटं तशीच ठेवून वर नवा रंग द्यायचा का?"

"जळमटं मी रोज काढते."

"बाहेरची काढता. आतली?"

"आतलं तुझ्या सासऱ्यांचं आहे," आक्का म्हणाल्या. सूनबाई गिऱ्हाइकाकडे वळल्या. वाईट नाहीत हो त्या. सगळ्या दुकानाचा भार त्यांच्यावर आहे आणि मी खरंच अडवतो त्यांना.

आक्कांच्या शब्दासाठी वैद्यबुवांनी आधी वरून चढवून बघितलं. काय सांगू ते हाल! नवा सदरा गळ्यापर्यंत आला आणि अडकला. पुढे जाईना, मागे येईना. मी तापलो, घरघरलो, बंद पडून पुन्हा उठलो. शेवटी पडद्यावर आलं की केलेले बदल मागे घेतोय, आणि मी होतो तसा म्हातारा परत बाहेर पडलो. वैद्यबुवांनी हात टेकले. "आता धुवावंच लागेल, आक्का. काळजी नको. तुमचं सगळं सामान आधी दुसऱ्या डबीत काढून ठेवतो."

"सगळं?"

"सगळं."

त्या सगळं या शब्दावर आक्कांनी मान हलवली, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. कारण या दोघांचं सगळं एक नव्हतं.

आज सकाळी वैद्यबुवा आले, ती डबी जोडली आणि एकेक खोली रिकामी करायला लागले. गिऱ्हाइकांच्या नक्ष्या घेतल्या, फोटो घेतले, सूनबाईंच्या हिशेबाच्या फाइली घेतल्या. मी वाट बघतोय. ते टोपलीकडे बघतसुद्धा नव्हते. का बघतील? जगात कुणी कचरा बांधून नेतं का? पलीकडच्या खोलीत आक्का मशीनवर होत्या, त्या खटखटीत त्यांना इकडचं काही कळत नव्हतं. माझा पंखा जोरात फिरायला लागला. वैद्यबुवांनी माझ्या डब्यावर थाप मारली. "घाबरलं बघा बेणं," म्हणाले. "झालंच आता."

त्यांनी डबी काढून खिशात घातली. नवी सिस्टीम असलेला पेन ड्राइव्ह माझ्या अंगात खुपसला. एवढ्यात पलीकडची खटखट थांबली. आक्का हातातला दोरा दातानं तोडत दारात आल्या.

"टोपली घेतलीस ना रे?"

"खालीच आहे की टेबलाखाली."

"ती नव्हे. यातली."

वैद्यबुवांनी माझ्याकडे बघितलं, मग आक्कांकडे, मग कोपऱ्यातल्या त्या चित्राकडे. "आक्का, अहो तो कचरा आहे!"

"कचरा असेल तुझ्या घरी," आक्का म्हणाल्या. "उघड."

उघडली. कडेपासून कडेपर्यंत मालकांचं काम. अर्ध्या वेली, देठ नसलेली फुलं, कोबी झालेला गुलाब. सूनबाई कमरेवर हात ठेवून वाकून बघत होत्या. "हे सगळं इथे होतं?" त्या म्हणाल्या. "आई, आणि मी कधी चुकून रिकामी केली असती तर?"

"चुकून कुणी टोपली रिकामी करतं का?" आक्कांनी विचारलं.

वैद्यबुवांनी सगळं डबीत काढलं. मला हायसं वाटलं, पण ते काही टिकलं नाही. खुर्ची ओढून बसले आणि डोकं खाजवत म्हणाले, "आक्का, एक सांगतो. या नक्ष्या ज्या प्रोग्रामात काढल्यात, तो जुना आहे. नव्या सिस्टीमवर तो चालत नाही. फाइली राहतील तुमच्याकडे, पण उघडणार नाहीत. कुलूप लावलेल्या पेटीसारख्या. ज्या हव्यात त्यांच्या आत्ता टाक्यांच्या फाइली करून घ्या. त्या मशीनला कधीही भरता येतील. मात्र एकदा टाके झाले की नक्षीत बदल करता येणार नाही."

म्हणजे खंड्याचं काय ते आजच ठरवायचं होतं.

सूनबाई हळूच म्हणाल्या, "आई, एका पंखाचाच भरू या. तसाही सुंदर दिसेल. त्यांनी ठेवला तसा."

आक्का खुर्चीत बसल्या. मालकांच्या खुर्चीत त्या कधी टेकून बसत नाहीत, कडेलाच बसतात. आज टेकल्या. माऊस धरला. रेघेपाशी आल्या. मला वाटलं, आता परत टोपली. पण आता टोपलीत ठेवून भागणार नव्हतं.

"तुम्ही दोघं तिकडे बघा," त्या म्हणाल्या.

दोघांनी भिंतीकडे तोंडं केली. आक्का भरायला लागल्या. टाके कुठे दाट, कुठे विरळ. मालकांचा पंख कात्रीनं कापल्यासारखा रेखीव होता. यांचा पंख त्यांच्या रेघेबाहेर गेला, फुगला, खाली आला. मध्येच पुसलं, पुन्हा भरलं. मला सगळं मोजता येतं, पण त्यात किती वेळ गेला ते मोजायचं माझं राहूनच गेलं.

"झालं," त्या म्हणाल्या.

सूनबाई वळल्या. ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. "आई, याची... कोंबडी झाली हो एका बाजूनं!"

"होऊ दे. एका बाजूनं तरी घरात राहील," आक्का म्हणाल्या, आणि त्याही हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. वैद्यबुवांनी टाक्यांची फाइल केली. मशीनवर पांढरं कापड ताणून फ्रेममध्ये बसवलं आणि खंड्या भरायला लागला. निळा दोरा, हिरवा दोरा. तो आवाज मला भिंतीपलीकडून अजून ऐकू येतोय. कुठवर आलाय कुणास ठाऊक.

मला तो पुरा झालेला बघायला मिळणार नाही. तुम्हाला एक विनंती आहे. माझ्यासारख्या कुणाला धुवायला काढाल तेव्हा त्याच्या आत नुसतं डोकावून सगळं घेतलं असं म्हणू नका. त्याच्यापाशी रोज बसणाऱ्या माणसाला आधी बोलवा. तुमचं काय कुठे असतं, एवढंच विचारा. त्यांनी कचऱ्याकडे बोट दाखवलं तर हसू नका.

वैद्यबुवा फोन ठेवून आत आले. प्रश्न अजून पडद्यावर आहे. बोट पुढे केलं आणि थांबले. "आक्का, तुम्हीच दाबता?"

आक्का आल्या. खांद्यावर निळा दोरा चिकटलाय, त्यांना माहीत नाही. माझ्या डब्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला, धूळ नव्हती तरी.

"दमलास रे," त्या म्हणाल्या. "खूप अडलास, पण कधी काही हरवलं नाहीस."

मला वाटलं होतं मी घाबरेन. पण पंखा आपोआप मंद झालाय. आक्कांना हो कुठे असतं ते अजून नीट सापडत नाही. नेहमीसारखं दोनदा भलतीकडेच दाबलं त्यांनी. आता सापडलं.

हो.