न धुतलेलं अंडं

मी एक बदकीण बोलतेय. घाईत बोलतेय, तेव्हा मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या. उद्या मला न्यायला माणूस येणार आहे आणि माझ्या पोटाखाली एक अंडं आहे.

आमच्या जातीला अँकोना म्हणतात. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, तेही कसेही आणि कुठेही. एकीसारखी दुसरी सापडायची नाही. मी आणि माझा जोडीदार भोकं पाडलेल्या खोक्यातून लांबून या घरी आलो, तेव्हा दोघं मिळून एका ओंजळीत मावत होतो. घर लाँड्रीवाल्यांचं. पुढे दुकान, मध्ये इस्त्रीची खोली, मागे अंगण. मालकांनी मला दिव्याखाली धरलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "शाईचा डाग आहे. हा काही निघायचा नाही." तेव्हापासून माझं नाव शाई पडलं. जोडीदाराच्या गळ्याभोवती काळा पट्टा होता, म्हणून तो कॉलर.

आमची जात आता थोडीच उरली आहे, असं मालकीणबाईंनी कुठेतरी वाचलं होतं. आपल्या अंगणात तिचा वंश वाढवायचा, हे त्यांनी मनावर घेतलं. मालक हसायचे, पण जुन्या धुलाईयंत्राचं पिंप कापून आमची डुंबायची जागा त्यांनीच केली. आमचं बालपण लाडात गेलं, खोटं का बोला.

मी अंडी द्यायला लागले तेव्हा बाईंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी अंडी उबवायचं यंत्र आणलं आणि इस्त्रीच्या खोलीत, उबेला, कपड्यांच्या फळीवर ठेवलं. अंडी वेळेवर फिरवायच्या, पाणी फवारायच्या, टॉर्च लावून आत बघायच्या. इतकी काळजी तर मीही घेतली नसती.

फक्त एक गोष्ट. त्या अंडी धुवायच्या.

आम्ही बदकं चिखलातली माणसं. अंड्याला चिखल लागतो, पिसं चिकटतात. बाईंचा जन्म दुसऱ्यांचे डाग काढण्यात गेला, त्यांना ते कसं बघवणार? अंडं हातात घेतलं की तडक नळाखाली. साबण, मऊ ब्रश, गार पाणी, मग स्वच्छ पंच्याने टिपणं. माझी अंडी चिनीमातीच्या कपासारखी चमकायची, आणि एकातूनही पिल्लू निघायचं नाही.

अंडं बाहेर येतं तेव्हा ओलं असतं. ती ओल वाळते आणि अंड्याचं पांघरूण होते. डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्यामुळेच बाहेरची घाण आत शिरत नाही. मला हे कुणी शिकवलं नाही, पोटालाच ठाऊक आहे. बाई माझ्या पोरांची पांघरुणं रोज घासून काढत होत्या, आणि तेही मायेनं.

मी ओरडले. आमच्यात घसा असतो तो बायकांनाच, नर नुसता सर्दी झाल्यासारखा घरघरतो. मी अंगण डोक्यावर घेतलं. माणसांना वाटलं भूक लागली. ओरडले की दाणे पडायचे, आणखी ओरडले की आणखी पडायचे. सांगायला गेले आणि जाडी होऊन बसले.

मग ती दुपार आली. कुंपणाच्या फटीतून कुत्रा शिरला. कॉलर माझ्या पुढे जाऊन उभा राहिला आणि त्या बसक्या आवाजात फुसफुसला. मी जिवाच्या आकांताने किंचाळत होते. इस्त्रीच्या खोलीची खिडकी उघडली, आतून मालकांचा हात आला आणि मूठभर दाणे टाकून परत गेला.

कॉलर गेला. त्याच्यासारखा नर इथे शोधून मिळायचा नाही. नर गेल्यावरही थोडे दिवस आमच्या अंड्यांत जीव धरतो, पुढे नाही. मला तेवढेच दिवस होते. पहिलं अंडं बाईंना सापडलं. त्या रडत होत्या, रडत रडतच त्यांनी ते धुतलं. दुसरं मात्र मी अंगणातल्या मोडक्या धुलाईयंत्राच्या मागे, गवतात दिलं आणि त्याच्यावर बसले.

आमच्या जातीत अंड्यावर बसणाऱ्या थोड्याच. मलाही कुठे येत होतं? पण गरज पडली की सगळं येतं. बाई म्हणाल्या, नवऱ्याच्या दुःखानं वेडी झाली, रिकाम्या गवतावरच खुडूक बसलीय. मी म्हटलं, तसंच समजा. पोहणं सोडलं. दाणे खायला उठायची ती अंड्यावर गवत ओढून, आणि धावत परत यायची.

इकडे यंत्रातलं ते धुतलेलं अंडं आतून नासत होतं. बाईंना ते टाकवेना, कॉलरची शेवटची आठवण होती ना. एका सकाळी ते फुटलं, तेही खालच्या फळीवर घडी करून ठेवलेल्या वकिलांच्या पांढऱ्या शर्टांवर. वास दुकानापर्यंत गेला, गिऱ्हाईक दारातूनच परतलं. मालक सहसा चिडत नाहीत, पण त्या दिवशी यंत्राची वायर त्यांनी स्वतः उपटली.

पक्षी विकणारा माणूस आला. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, फक्त धुण्याचं तेवढं नाही. ते सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नसणार.

"नर चांगला होता म्हणता ना? मग मादीतच खोट," तो म्हणाला. "वांझ पोसून काय करायचंय?"

त्याने मला उचललं. माझ्या ठिपक्यांकडे बघितलंसुद्धा नाही, हातावर वजन तेवढं जोखलं आणि खूश झाला. ते सगळे दाणे आठवले हो मला. खाली अंडं उघडं पडलं होतं, पण सुदैवाने बाई तेव्हा तोंड फिरवून उभ्या होत्या आणि त्याचं लक्ष माझ्या मांड्यांवर होतं. त्याने सोडल्याबरोबर मी परत अंड्यावर जाऊन बसले.

आज संध्याकाळी बाई निरोप घ्यायला आल्या. शेजारी बसल्या, पाठीवरून हात फिरवला. साबणाने भेगाळलेला तो हात, त्याच्यात कधीच काही वाईट नव्हतं. तो घसरत पोटाखाली गेला आणि थांबला.

"अगं बाई, अंडं?" त्यांचा चेहरा फुलला. "किती मळलंय गं. थांब, धुऊन आणते."

मी चावले. ज्या हाताने मला वाढवलं, त्याच हाताला, होतं नव्हतं तेवढ्या जोरानं.

बाई ओरडल्या नाहीत. "मला चावलीस, शाई?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून मालकांचा आवाज आला. असली अंडी आजवर कमी का पाहिली, म्हणाले. आता चावायलाही लागली, त्या माणसाला उद्या सकाळी लवकरच बोलावतो.

बाई मात्र ऐकायच्या नाहीत, मी त्यांना ओळखते. आता नळ सुरू झालाय. पातेलं भरतंय. जाड हातमोजे घालून त्या परत येतील आणि मला दूर सारून अंडं उचलतील. मी कुठवर पुरी पडणार?

पण दुपारपासून आतून कुणीतरी ठोकतंय. आधी मला भास वाटला. भास नाही. माझं पोर आहे, कॉलरचं पोर आहे.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याशी बोलायला आता मला सवड नाही. जमलं तर त्या बाईंना एवढं सांगा, की शाई वांझ नव्हती.

बाळा, ऐकतोयस ना? बारीकशी चीर पाड, केसाएवढी चालेल. चीर दिसली तर त्या पाण्यात घालणार नाहीत. चीर दिसली तर उद्या मलाही कुणी नेणार नाही. दमू नकोस. तिथेच टोच, आत्ता टोचलंस तिथेच.

नळ बंद झाला. टोच, बाळा.