गाडीवाल्यांची भाकरी

उंबरटेकला रस्ता संपतो. पुढे नुसता डोंगर. पुण्याहून निघालेली एस.टी. पौड मागे टाकून, चढ चढत दिवेलागणीला गावात यायची, देवळापुढच्या पटांगणात वळून उभी राहायची आणि सकाळी तिथूनच परत सुटायची. मुक्कामाची गाडी. ज्या गावात गाडी मुक्कामाला असते त्या गावाचा तोरा वेगळाच असतो. आसपासच्या वाड्यांतले बाप उंबरटेकला पोरी द्यायला एका पायावर तयार असत, ते काही इथल्या नाचणीवर भाळून नव्हे.

गाडी आली की ड्रायव्हर-कंडक्टर गावाचे पाहुणे. ते झोपायचे गाडीतच, पण रात्री त्यांना भाकरी घालायची पाळी घरोघर फिरायची. घरात पोरं अर्धपोटी निजली तरी चालतील, पण गाडीवाल्यांच्या ताटात काही कमी पडता कामा नये, असा दंडक होता. पुण्यात जाऊन त्यांनी गावाची नालस्ती केली म्हणजे?

ही पाळी वरच्या आळीतून निघायची आणि वरच्या आळीतच संपायची. खाली ओढ्याच्या अंगाला बौद्धांची चार घरं होती, तिथवर ती कधी उतरली नाही. कोणी नको म्हटलं होतं असंही नाही. नको म्हणावं लागत नाही, हीच तर गावाची हुशारी.

त्यातल्याच एका घरातल्या आक्काबाईचा नवरा सोपान याच रस्त्यावर खडी फोडायला होता. रस्ता झाला, पहिली गाडी आली, तेव्हा त्याने हौसेने सरपंच हैबतरावांना विचारलं होतं, "सरपंच, एक पाळी आमच्याकडं बी लावा की."

हैबतराव गोड हसले. "सोपाना, तुमी कशापायी तोशीस घेताय? आमी हाय न्हवं."

सोपान घरी आला, तांब्याभर पाणी प्यायला आणि न जेवता झोपला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. पुढे काही वर्षांनी तापाने गेला. आक्काबाई मात्र विसरली नव्हती. संध्याकाळी वरच्या आळीत गाडीवाल्यांच्या पंक्तीचं हसणं-खिदळणं चाललं की ती आपल्या चुलीत लाकूड जरा जास्तच जोरात सारायची.

मग पिरंगुटला कंपन्या आल्या आणि उंबरटेकला गळती लागली. आधी पोरं सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत यायची. मग त्यांनी तिकडेच खोल्या घेतल्या, मग बायका नेल्या, आणि शेवटी घरातली भांडीही गेली. पूर्वी पुणं डेक्कनला संपायचं, मग कर्वे रस्त्याला, मग कोथरूडला. आता ते डोंगर ओलांडून भूगावकडे चालत निघालं होतं, आणि उंबरटेकला तेवढाही धीर नव्हता. गाव उठून त्याच्याकडे धावत सुटलं होतं. आक्काबाईचा सोमनाथही पिरंगुटच्या एका कंपनीत चिकटला. महिन्यातून एकदा यायचा आणि दर खेपेला म्हणायचा, "आये, चल आता माज्याकडं." ती म्हणायची, "बघू." शेजारची तिन्ही घरंही पांगली होती. ओढ्याच्या अंगाला संध्याकाळी एकच दिवा लागायचा.

एका सकाळी हैबतराव तिच्या अंगणात येऊन उभे राहिले. कोथरूडला मुलाच्या ब्लॉकमध्ये राहायला चालले होते, धुतलेलं धोतर नेसले होते. ती घोंगडी टाकायला लागली तर हातानेच नको म्हणाले.

"आक्का, वर आता रांधणारं कुणी ऱ्हायलं न्हाई. दोन-चार म्हातारी हायेत, त्यांचंच त्यास्नी हुईना. गाडीवाल्यांचं आता तुमी बघा."

एवढं बोलून ते वळले. आक्काबाईला राग आला. सगळ्या चुली थंड झाल्यावर हिची आठवण झाली. आणि त्या रागाच्या पोटातच आनंदही झाला, याचा तर तिला आणखी राग आला. सोपान असता तर काय म्हणाला असता, या विचाराने ती उंबऱ्यातच बसून रडली. मग डोळे पुसले आणि घर सारवायला घेतलं.

संध्याकाळी ती पटांगणात गेली. ड्रायव्हर कुशाबा घोटावड्याचा, अंगाने आडवा माणूस. कंडक्टर नथू किडकिडीत. "आज भाकरी आमच्याकडं हाय," ती म्हणाली. "खाली, वड्याकडं." मुद्दाम सांगितलं. काही सबब सांगायची असेल तर आत्ताच सांगा.

"मग चला की," कुशाबा म्हणाला. "पोटात कावळे वरडाय लागलेत."

तांदळाची भाकरी, कांद्यातलं सुकट आणि वरण. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी होत्या. त्यांच्याखाली दोघं मांडी ठोकून बसले आणि ताट चाटून पुसून उठले. कुशाबाने ढेकर दिली. "मावशी, इतकी वर्सं हितं मुक्कामाला येतुया, असलं सुकट कुणी घातलं न्हाई. आदी का न्हाई बोलावलं?"

आक्काबाई तव्यावरची भाकरी बघायला वळली. तव्यावर भाकरी नव्हतीच.

त्या दिवसापासून पाळी फिरायची थांबली, कारण फिरायला घरंच नव्हती. रोज तीच. दिवसभर गावात बोलायला माणूस नसायचं, देवळाच्या पायरीवर दोन म्हाताऱ्या बसायच्या त्यातली एक ठार बहिरी. पण दुपार कलली की आक्काबाईच्या अंगात बळ यायचं. शेवग्याचा पाला खुडायचा, मिरची वाटायची, घागर भरून ठेवायची. चढावर गाडीचा आवाज आला की ती पदर नीट करायची. जेवता जेवता कुशाबा आणि नथू जगाच्या बातम्या सांगायचे आणि एवढं मोठं रिकामं गाव घटकाभर तिला भरल्यासारखं वाटायचं. सोमनाथने पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी आले तर गाडीवाल्यांनी काय उपाशी निजायचं?" त्याला ते पटलं नाही. त्याच्या बापाला मागूनही हा मान मिळाला नव्हता, हे त्याला कसं कळावं?

एका रात्री नथूचा घास हातातच राहिला. "मावशी, एक सांगू का? मुक्काम काढायचं चाललंय डेपोत."

"का वं?"

"पिरंगुटपतुर आता शहराची बस आली. समदी माणसं तितंच चढत्यात आन तितंच उतरत्यात. सकाळी हितनं आमची गाडी मोकळी निघती. मोकळ्या गाडीत डिझेल कोण जाळंल? हितनं माणसं बसली तर मुक्काम ऱ्हाईल, न्हाईतर दिवाळीनंतर बंद."

हितनं माणसं बसली तर. आक्काबाईने तेवढंच धरलं. दुसऱ्या दिवशी उजाडता ती गाडीत जाऊन बसली. खालच्या वाडीचं तिकीट काढलं, वाडीला उतरली आणि चढ चढून घरी आली. तिसऱ्या दिवशीही तेच. गुडघे कुरकुरायला लागले, पण तिने रोजचा नेम केला. नथूने एकदा विचारलं, "मावशी, वाडीला रोज काय काम असतं?"

"असतं एक."

नथूने तिच्या पायांकडे बघितलं, तिकीट फाडून दिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. पण एका माणसाने गाडी भरत नाही, हे तिलाही कळत होतं. देवळातल्या म्हाताऱ्यांना तिने चला म्हणून बघितलं, तर एक म्हणाली, "कुटं मेली जाऊ?" आणि दुसरीला ऐकूच आलं नाही. शेवटी आक्काबाई एकदा वाडीला उतरलीच नाही. थेट कोथरूडला गेली.

कोथरूडला जिकडे बघावं तिकडे विटांचे ढीग, वाळू आणि अर्धवट उभ्या इमारती. हैबतरावांचा पत्ता विचारायची वेळच आली नाही. थांब्यासमोरच्या हॉटेलात बाकावर बसून ते चहात पाव बुडवून खात होते. एका बाजूला गवंडी, दुसऱ्या बाजूला डोक्याला चुना लागलेला रंगारी. कोणाचं कोणाकडे लक्ष नव्हतं. आक्काबाईला बघून म्हातारा ताडकन उठला. इतका आनंद त्याने उभ्या जन्मात तिला बघून दाखवला नव्हता.

"आक्का! ये, बस." आणि बाकावर आपल्या शेजारची जागा त्यांनी हाताने झटकली. "ए, एक च्या आण."

ती बसली. उंबरटेकचे सरपंच आणि ती एका बाकावर बसून चहा प्यायली. तिला क्षणभर वाटलं, हे सोपानने बघायला हवं होतं. मग तिने काम सांगितलं. तुम्ही आणि गावची पाच-धा माणसं आठवड्यातून एकदा जरी मुक्कामाला आली, सकाळच्या गाडीने परत गेली, तर गाडी टिकेल.

हैबतराव चहाकडे बघत म्हणाले, "गाडी ठिवून करायचं काय, आक्का? गावात हाय कोण आता?"

"मी हाय," आक्काबाई म्हणाली.

हैबतराव ओशाळले. मग म्हणाले, "येतो. शनवारी येतो. चार माणसं गोळा करून आणतो."

शनिवारी आक्काबाईने कोंबडी कापली. चार माणसं म्हणजे सहा धरायची, वर गाडीवाले. उसन्या ताटांसाठी गावात घर नव्हतं म्हणून ओढ्याच्या कडेची केळीची पानं आणली. दिवेलागणीला गाडी आली. दारातून हैबतराव उतरले आणि त्यांच्यामागे कोणीच उतरलं नाही.

"बाकीच्यास्नी जमलं न्हाई," ते म्हणाले.

त्यांच्या घराला कुलूप, किल्ली मुलाकडे. कुशाबा म्हणाला, "चला सरपंच, मावशीनं कोंबडी केलीया."

"तुमी व्हा फुडं," हैबतराव म्हणाले.

कुशाबा आणि नथू जेवून उठले तरी हैबतराव आले नाहीत. कसली तरी लाज वाटत असेल, म्हातारं माणूस आहे, असं मनाशी म्हणत आक्काबाईने ताट वाढलं, वर पदर झाकला आणि ती वर निघाली. हैबतराव गाडीतच खिडकीशी बसले होते. मांडीवर वर्तमानपत्राचा कागद, कागदात पाव. कोरडाच चावत होते.

"पाव खाताय?"

"पोटाचं जरा बरं न्हाई."

आक्काबाई पायरीवर उभी राहिली. पोट बिघडलेला माणूस कोरडा पाव असा बकाबका खात नाही, एवढं तिला कळत होतं. "सरपंच, परवा हाटेलात च्या प्यालात, पाव खाल्लात. तो कुणी केला व्हता?"

"कुणाला ठावं?"

"मग?"

हैबतरावांचा घास थांबला. या खेपेला ते हसले नाहीत. "तितं मला कुणी वळखत न्हाई, आक्का. हितं मी हैबतराव हाय."

"पर हितं बगाया हाय कोण?"

त्यांनी खिडकीतून कुलूप लागलेल्या घरांच्या ओळीकडे बघितलं. "समदी हायेत," ते म्हणाले.

ताट घेऊन ती खाली आली. तिला रडू आलं नाही. नुसतं थकल्यासारखं झालं, सगळ्या चढांची चाल एकदम पायात उतरल्यासारखं. रोज उठून ती जे गाव राखायला धडपडत होती ते हे गाव होतं. माणसं निघून गेली, घरं पडायला आली, आणि जे राहिलं ते नेमकं हे राहिलं.

सकाळी तिने उरलेली कोंबडी आणि भाकरी डब्यात भरली, तसबिरी काढून लुगड्यात गुंडाळल्या, चुलीवर पाणी ओतलं आणि कडी घातली. नथूने सवयीने वाडीचं तिकीट फाडायला घेतलं.

"पिरंगुट," ती म्हणाली.

नथू तिच्या गाठोड्याकडे बघत राहिला. "आन सांजच्याला, मावशी?"

"सांजच्याला तुमी जेवून या."

पुढच्या बाकावर हैबतराव बसले होते. वाडी मागे पडली तेव्हा त्यांनी मान न वळवता विचारलं, "मंग गाडीचं काय, आक्का?" तिने गाठोडं मांडीवर ओढून घेतलं. कुशाबा त्या दिवशी गाडी फार हळू चालवत होता.

पिरंगुटला उतरून ती शहराच्या बसच्या थांब्यावर बसली. सोमनाथची पाळी सुटायला अजून वेळ होता आणि कंपनीच्या फाटकापाशी ताटकळत उभं राहायचं तिला धाडस होईना. माणसं येत होती, बसमध्ये घुसत होती, जात होती. शेजारी एक कामावर निघालेली बाई येऊन टेकली. दूरच्या मुलखातली असावी, बोली वेगळी होती.

"मावशी, काय वास सुटलाय हो. काय आहे डब्यात?"

"कोंबडी."

"सकाळपासून पोटात काही नाही माझ्या," ती बाई म्हणाली आणि हसत तिने हात पुढे केला.

आक्काबाईने डबा उघडला. हैबतरावांसाठी काढून ठेवलेली तंगडी आणि भाकरी तिच्या हातावर ठेवली. बाईने ती भराभरा खाल्ली, बोटं चाटली, डब्यात काय उरलं तेही पुसून घेतलं. तेवढ्यात बस आली. "लई चांगली झाली होती बघा," म्हणत ती पळाली आणि गर्दीत शिरली. बस निघून गेली.

त्या बाईने नाव विचारलं नव्हतं, गाव विचारलं नव्हतं, कुणाच्या तुम्ही हेही विचारलं नव्हतं. सोपानने आणि आक्काबाईने जन्मभर एवढंच मागितलं होतं. ते आज मिळालं, आणि हे ज्याला सांगावं असं ओळखीचं माणूस त्या सबंध थांब्यावर एकही नव्हतं.