घराला द्यायचं झाड

सिलार्द आयुष्यात फारसं खोटं बोलला नव्हता. इमारती आखणाऱ्या माणसाला जेवढं लागतं तेवढंच. पण वादबेरेक गावच्या शाळेत त्या संध्याकाळच्या सभेत तो गरजेपेक्षा चांगलं बोलून गेला, आणि घोळ तिथेच झाला.

गावाला समाजघर बांधायचं होतं. कम्युनिस्ट राजवट नुकतीच गेलेली, ग्रामपंचायत नवीकोरी, अनुदान मंजूर. सिलार्दने फळ्यावर चित्रं लावली होती: पंख मिटून बसलेल्या पक्ष्यासारखं छप्पर, आत मधोमध फांद्यांसकट उभं केलेलं अख्खं झाड, आणि त्या फांद्यांवर छपराचा भार. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांना मात्र आगीचा बंब ठेवता येईल असं काहीतरी सपाट हवं होतं. झाडाऐवजी सिमेंटचा खांब का चालणार नाही, असं एकाने विचारलं. तेव्हा सिलार्द म्हणाला की या भागात तर पूर्वीपासूनची रीतच आहे; सगळ्यांचं घर उभं राहताना गावातल्या सर्वांत जुन्या घराने आपल्या अंगणातलं झाड द्यायचं. म्हणजे आपण कधीकाळी रान होतो, याचा घराला विसर पडत नाही.

हे त्याने कुठे वाचलं नव्हतं, कुणाकडून ऐकलंही नव्हतं. वाक्य मात्र झकास जमलं होतं. बंबाचा विषय संपला, आणि सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. रस्त्यापलीकडे विल्माकाकूंचं घर होतं, आणि अंगणात अक्रोड.

विल्माकाकू पहिल्याच बाकावर होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं नाहीत. नाताळात निम्म्या गावाच्या सारण भरलेल्या गोड पावांत त्यांच्याच झाडाचे अक्रोड असायचे. त्यांनी डोक्यावरचा रुमाल घट्ट केला आणि द्यायलाच हवं म्हणाल्या. टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सिलार्दने झाडाची मापं घेतली. झाड अप्रतिम होतं. अपराधी वाटून घेताना मापं घ्यायला त्याला काहीच अडचण आली नाही.

हिवाळाभर तो खरं सांगायचं ठरवत राहिला. पण सरपंच बर्तालानचा प्रत्येक फोन त्या रीतीला थोडी आणखी जुनी करून जायचा. शाळेतल्या मुलांनी तिची चित्रं काढली. बायकांच्या गायकमंडळाला त्या प्रसंगी म्हणायचं गाणं ‘आठवलं’, तीन कडव्यांचं. फेब्रुवारी संपत आला, झाडात रस चढण्याआधी तोड करायला हवी होती, आणि तोडीच्या दिवशी सकाळी सिलार्द सगळ्यांच्या आधी विल्माकाकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला.

झाड तोडायला येणाऱ्या माणसांसाठी काकू पोगाचे, छोटे खारे पाव, करत होत्या. लाटलेल्या कणकेवर पेल्याची कड दाबून गोल पाडत होत्या.

“काकू, तशी रीत कधीच नव्हती. मी मनानेच सांगितलं.”

“ठाऊक आहे,” काकू हात न थांबवता म्हणाल्या. “मी याच गावात जन्मले. रीत असती तर मला नको का कळायला?”

“मग तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?”

“कुठल्या तोंडाने? सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. उद्या मेले तर खांदा द्यायला हीच माणसं यायची.” त्यांनी पेला खाली ठेवला. “मला माझं झाड हवंय रे. बाहेर जाऊन तू सांग त्यांना. तूच बोललास, तूच निस्तर.”

सिलार्द बाहेर गेला. अक्रोडाला लाल-पांढऱ्या-हिरव्या फिती बांधून झाल्या होत्या. गायकमंडळ घसे साफ करत होतं. त्याने सांगितलं, आडपडदा न ठेवता, सगळं. रीत मी रचली, जंगलखात्याकडून चांगला ओक विकत मिळेल, हे झाड राहू द्या.

कुणी चिडलं नाही, हेच वाईट झालं. बर्तालानने त्याच्या हातात पालिंकाचा, फळांच्या कडक दारूचा, पेला दिला आणि थंडी फार आहे म्हणाला. मग म्हातारा लाझार पुढे आला. जुन्या समाजघरात नासपतीचं झाड होतं, असं आपले आजोबा सांगायचे, म्हणाला. या गावात जुनं समाजघर कधी नव्हतंच. पण बाकीच्यांनी माना डोलावल्या. दोघा-तिघांना ती नासपती आठवलीसुद्धा.

सिलार्दने पुन्हा सांगून पाहिलं. तेव्हा बर्तालानचा चेहरा बदलला.

“साहेब, चाळीस वर्षं शहरातून माणसं येऊन आम्हाला हेच ऐकवत होती, की तुमच्या रीती म्हणजे थापा. तुम्ही तरी त्यातले नसाल असं वाटलं होतं.”

अजून एक वाक्य शिल्लक होतं. हे झाड मी वापरणार नाही, एवढंच. आखणारा तोच, त्याच्या सहीशिवाय वीटही हलली नसती. वाक्य अगदी ओठांवर आलं आणि त्याने वर पाहिलं. बुंधा छातीच्या वर दुभंगला होता, आणि दोन्ही फांद्या त्याच्या आराखड्यात हव्या तशाच छपराकडे झुकल्या होत्या. असा ओक जंगलखात्याकडे मिळाला नसता.

त्याने पालिंका पिऊन टाकली. गाणं सुरू झालं, मागोमाग करवत. स्वयंपाकघराच्या खिडकीत कुणी नव्हतं. पोगाचे मात्र वेळेवर बाहेर आले, गरम.

जूनमध्ये समाजघराचं उद्घाटन झालं. राजधानीतून फोटोवाले आले, झाडाखाली उभं राहून सगळे माना वर करून बघत होते. विल्माकाकू आल्या नाहीत. भाषणं चालू असताना सिलार्द रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेला.

स्वयंपाकघरात ऊन मावत नव्हतं. टेबलावर, चुलीवर, पिठाच्या डब्यावर, सगळीकडे ऊन. इतकी वर्षं त्या खिडकीला पडदा लागला नव्हता. काकूंनी आता कुठूनतरी कापड आणून शिवला होता, दांडाही आणला होता. लावायला कुणी नव्हतं. सिलार्द स्टुलावर चढला.

“सरळ लाव,” काकू म्हणाल्या.

त्याने पहिला खिळा ठोकला. पलीकडून तीन कडव्यांचं गाणं ऐकू यायला लागलं. काकू डोळ्यांवर हात धरून थोडा वेळ ऐकत राहिल्या.

“आत कसं दिसतंय ते?”

वाईट दिसतंय म्हणावं, असं त्याला फार वाटलं.

“सुंदर दिसतंय,” तो म्हणाला.

काकूंनी मान हलवली आणि दुसरा खिळा त्याच्या हातात दिला.